गाडीची सर्व्हिस घरी करावी का? आधी एस्टिमेट ओळीओळीने वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 2021ची 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, 41 हजार किलोमीटर झालेले, वॉरंटी संपलेली, एक्स्टेंडेड घेतलेली नाही. पुण्यात सोसायटीच्या तळमजल्यावर पार्किंग. रोज ऑफिसला सात-आठ किलोमीटर, आणि गणपतीला व शिमग्याला चिपळूणला गावी. डीलरने या वर्षीच्या सर्व्हिसचं एस्टिमेट 11,440 रुपये दिलंय. ऑइल आणि फिल्टर बदलण्याचे व्हिडिओ बघून हे आपल्याला जमेल असं वाटलं, तर इथून पुढे सगळी सर्व्हिस घरीच करावी का?

मी बरीच वर्षं एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या फ्लोअरवर काम केलं, आता साताऱ्याजवळ स्वतःचं गॅरेज आहे. दोन्हीकडची बिलं मी बनवलेली आहेत. तुम्ही बाहेरच्या गॅरेजकडे गेलात तर माझ्यासारख्यांचा धंदा होतो, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

तुम्ही दोन प्रश्न एकात गुंतवले आहेत. बिल एवढं कशाने झालं, हा एक. आणि काम कुणी करावं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सापडलं की दुसरा बराच लहान होतो, म्हणून तुम्ही दिलेलं एस्टिमेटच आधी घेऊ.

इंजिन ऑइल 1900, ऑइल फिल्टर आणि चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) नटाचा वॉशर मिळून 140, एअर फिल्टर 350, एसीचा फिल्टर 450, ब्रेक फ्लुइड 400. हे झाले 3240. मजुरी 2200. अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि टायर रोटेशन 1100. इथपर्यंतची बेरीज 6540 येते. त्यानंतरच्या चार ओळी आहेत इंजिन फ्लश 450, डिकार्बनायझिंग 1900, एसी डिसइन्फेक्शन 850 आणि रबिंग-पॉलिश 1700. म्हणजे 4900. आता गाडीसोबत मिळालेलं ओनर्स मॅन्युअल काढा, शेवटाकडे मेंटेनन्सचा तक्ता असतो तो उघडा आणि या चार ओळी त्यात शोधा. सापडणार नाहीत. गाडी बनवणाऱ्याने सांगितलेली कामं त्या तक्त्यात असतात, बाकीची सर्व्हिस सेंटरने जोडलेली असतात.

जोडलेलं प्रत्येक काम निरुपयोगी असतं असं मी म्हणत नाही. एकेक बघू. इंजिन फ्लश म्हणजे जुनं ऑइल काढायच्या आधी त्यात पातळ द्रावण घालून इंजिन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे आतला चिखल सुटतो. तुमचं ऑइल दरवर्षी वेळेवर बदललं गेलंय, तर चिखल असायचं कारण नाही. ऑइल ओतायचं झाकण उघडून आत टॉर्चचा उजेड टाका. धातू स्वच्छ, फिकट तपकिरी दिसला तर फ्लश नको. डिकार्बनायझिंगचंही, म्हणजे इंजिनात साचलेली काजळी काढण्याचंही, तसंच. गाडी पिकअप देते आहे, अॅव्हरेज पडलेलं नाही, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) थरथरत नाही, तर 41 हजारांवर त्याची गरज नाही. आयडल वरखाली होत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करणं योग्य, पण ते लक्षण दिसल्यावर. एसीला कुबट वास येत असेल तर आधी एसीचा फिल्टर बदला. दहातल्या बहुतेक गाड्यांचा वास तिथेच संपतो. पॉलिश ही हौसेची गोष्ट आहे, तिचा सर्व्हिसशी संबंध नाही.

तर तुमच्या बिलातला मोठा फुगवटा काढायला पाना हातात घ्यायची गरजच नाही. अॅडव्हायजरला सांगा, "मॅन्युअलच्या तक्त्यात आहे तेवढंच जॉब कार्डवर लिहा, बाकी काही करायचं असेल तर आधी फोन करा." जॉब कार्ड, म्हणजे करायच्या कामांची यादी, वाचून मग सही करा. हे शांतपणे म्हटलं की कुणी वाद घालत नाही. तिथल्या मुलांवर जादा कामं विकण्याचं टार्गेट असतं, त्यांच्यावर चिडण्यातही अर्थ नाही.

आता उरलेल्या 6540 मधल्या मजुरीच्या 2200 कडे येऊ. घरी काम करून वाचवायची रक्कम मुख्यतः हीच. पण या मजुरीत काय मिळतं हे बहुतेक गाडीमालकांना माहीत नसतं, कारण सर्व्हिस म्हणजे ऑइल बदलणं असं आपण धरून चाललेलो असतो. ऑइल बदलणं हे वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे. सर्व्हिसचा खरा जीव गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघण्यात आहे. ड्राइव्ह शाफ्टचे (इंजिनाची ताकद चाकांना देणाऱ्या दांड्यांचे) रबरी बूट फाटलेत का? फाटले की आतलं ग्रीस बाहेर उडतं, पाणी-माती आत जाते आणि काही शे रुपयांच्या बुटापायी जॉइंट जातो. लोअर आर्मचे बुश चिरलेत का, बॉल जॉइंटमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का, लिंक रॉड वाजतोय का, शॉकअॅब्सॉर्बर ओला झालाय का, ब्रेकच्या होजला तडे आहेत का, सायलेन्सरची रबरं शाबूत आहेत का. चाकं काढून ब्रेक पॅडची जाडी मोजणं, मागचे ड्रम उघडून लायनर आणि व्हील सिलिंडर बघणं. पुण्याचे स्पीडब्रेकर आणि कोकणातला पावसाळा झेललेल्या गाडीत यातलं काहीतरी निघतंच. घरी जमिनीवर आडवं पडून, मोबाइलच्या उजेडात, पहिल्यांदाच बघणाऱ्याला फाटलेला बूट एक वेळ दिसेल, पण बॉल जॉइंटचा प्ले कळणार नाही. तो हाताला कळतो, आणि हात शेकडो गाड्यांनंतर तयार होतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: ही तपासणी प्रत्येक सर्व्हिस सेंटरमध्ये नीट होतेच असं नाही. शनिवारी गाड्यांची रांग लागलेली असते, एका बेवर (लिफ्टच्या जागेवर) दिवसात भरपूर गाड्या उतरवायच्या असतात, आणि चेकलिस्टवर टिका मारल्या जातात. म्हणून मजुरी देणार असाल तर पुरेपूर वसूल करा. मंगळवार-बुधवारची सकाळची पहिली वेळ घ्या. गाडी लिफ्टवर असताना खाली उभं राहून बघायचंय असं आधीच सांगा. पॅड किती मिलिमीटर उरलेत ते विचारा, "ठीक आहेत" या उत्तरावर समाधान मानू नका. नवीन पॅड साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असतो, तीनच्या खाली गेला की मी बदलायला सांगतो. काढलेले जुने फिल्टर डिकीत ठेवायला सांगा. गाडी ताब्यात घेताना डिपस्टिक स्वतः बघा.

घरी काय करावं यात मला तुमच्यासारख्या माणसांकडून खूप अपेक्षा आहेत, कारण सर्व्हिस सेंटर गाडी वर्षातून एकदा बघतं आणि तुम्ही रोज बघता. एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर ही दोन कामं तर घरीच करा. एअर फिल्टरच्या डब्याला क्लिपा असतात, बऱ्याच गाड्यांत पानासुद्धा लागत नाही. एसीचा फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. नवीन बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा, एवढंच. कागदी फिल्टर धुवायचा नाही. मधल्या काळात साफ करायचा झाला तर हवा आतल्या, स्वच्छ बाजूने बाहेर मारायची. उलटी मारली की धूळ कागदात आणखी रुतते.

टायरची हवा पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पंपावरच्या मुलाला "पस्तीस मार" म्हणायच्या आधी ते वाचा. स्टेपनीची हवाही तेव्हाच बघा. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, 3521 म्हणजे 2021 सालचा पस्तिसावा आठवडा. तुमचे टायर मूळचेच असतील तर झीज कमी दिसली तरी बगलेवर बारीक तडे आहेत का ते नीट बघा. पॅटर्नच्या खोबणीत मध्ये मध्ये रबराची छोटी उंचवटी असतात. ती 1.6 मिलिमीटरची. झीज तिथपर्यंत आली की टायर संपला.

कूलंटची पातळी टाकीवरच्या दोन खुणांमध्ये हवी. इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही, उकळतं कूलंट तोंडावर येतं. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट घाला. हिरवं, गुलाबी, निळं अशा रंगावर जाऊ नका, रंगाचं ठरलेलं प्रमाण काही नाही. बोअरचं पाणी तर अजिबात नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. आणि कूलंट पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर भरत बसू नका, गळती शोधून घ्या.

बॅटरीसाठी तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घरात ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. 12.4 च्या खाली सारखी जात असेल तर तिचे दिवस भरत आलेत असं समजा. मूळची बॅटरी अजून चालू असेल तर गणपतीला निघण्याआधी एकदा लोड टेस्ट करून घ्या. बॅटरीच्या दुकानात ती बहुधा फुकट होते. वायपरचे रबर, वॉशरचं पाणी, बल्ब, दारांच्या बिजागऱ्यांना ग्रीस, बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघणं, हे सगळं तुमचं.

मग ऑइल? वॉरंटी संपलेली आहे, तेव्हा ती अडचण तुम्हाला नाही. इतर वाचणाऱ्यांसाठी मात्र थोडं सांगतो. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना मिळून 2544 कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. त्याच आदेशात असंही होतं की बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामाने जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या. प्रत्यक्षात, इंजिन खोललं आणि ऑइल वेळेवर बदललं होतं का असा प्रश्न आला, तर काउंटरवर पुरावा तुमच्याकडेच मागितला जातो. म्हणून वॉरंटी चालू आहे तोवर तक्त्यातली सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा असं मी माझ्या गिऱ्हाइकांनाही सांगतो, आणि माझ्याकडे आलेली अशी गाडी परत पाठवतो.

ऑइल बदलणं तुम्हाला जमेल का, तर जमेल. पण माझी काळजी ऑइलची नसून त्यासाठी गाडीखाली जाण्याची आहे. गाडीसोबत आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, एक मिनिटही नाही, हात लांब करून नट काढायलाही नाही. सपाट, पक्की जमीन, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, हँडब्रेक, आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी दोन जॅक स्टँड. स्टँडवर गाडी ठेवल्यावर बाहेरून ढकलून बघायची, हलली नाही तरच खाली जायचं. विटांचा थर रचून त्यावर गाडी ठेवणारे मी बघितले आहेत. वीट दाबाने अचानक फुटते, आधी सांगून फुटत नाही. तुमच्या पार्किंगला पाण्याचा उतार असेल तर तिथे हे काम करूच नका.

बाकीचं काम सरळ आहे. मॅन्युअलमधला ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ-घट्ट ते सांगणारा आकडा, तंतोतंत घ्या. तुमच्या आधीच्या बिलावर 0डब्ल्यू-20 असेल तर शेजाऱ्याने सांगितलं म्हणून 20डब्ल्यू-50 टाकू नका. आताच्या इंजिनातल्या बारीक वाटा पातळ ऑइल धरून बनवलेल्या आहेत. इंजिन कोमट असताना ऑइल काढा. चेंबरच्या नटाला वॉशर दरवेळी नवीन. नट आधी बोटांनी फिरवत पूर्ण बसवा आणि मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) टॉर्क रेंचने घट्ट करा. बऱ्याच गाड्यांचा चेंबर अॅल्युमिनियमचा असतो, जोर लावून आवळला की आटे जातात आणि वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च येतो. घरी ऑइल बदलून माझ्याकडे आलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त दिसणारं नुकसान हेच. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून बघा. त्याच्यावर नवीन बसवला तर सगळं ऑइल रस्त्यावर येईल. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावून, टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा. तीन-साडेतीन लिटरच्या आसपास ऑइल बसेल. एकदम ओतू नका, थोडं आधी थांबा, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघून भर घाला. वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका, जास्त ऑइलला फेस येतो आणि फेसाने बेअरिंगला नीट वंगण मिळत नाही.

जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये द्या, आमच्याकडून ते अधिकृत रिसायकलरकडे जातं. सोसायटीच्या गटारात ओतलं तर ते नाल्यातून थेट मुठेत जाईल. गावाकडे वाळवी लागू नये म्हणून दारा-चौकटींना हे ऑइल चोपडतात, तेही करू नका. इंजिनात फिरलेल्या ऑइलमध्ये धातूचे कण आणि जळण्यातून तयार झालेले अपायकारक पदार्थ असतात, आणि त्या दाराला रोज घरातल्यांचे हात लागतात.

आता हिशेब. टॉर्क रेंच, दोन स्टँड, ट्रॉली जॅक, ट्रे, फिल्टरचा पाना, हे बरं घ्यायचं तर सात-आठ हजार सहज जातात. तुमची गाडी वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालते, म्हणजे ऑइल वर्षातून एकदा. तपासणी तरी कुठेतरी पैसे देऊन करून घ्यावीच लागणार, म्हणजे पूर्ण 2200 वाचत नाहीत, त्यातला काही भाग वाचतो. अवजारांचा खर्च निघायला बरीच वर्षं लागतील. घरात दोन-तीन गाड्या असतील, स्वतःचं अंगण असेल, किंवा हात काळे करण्यात मनापासून आनंद मिळत असेल, तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. आनंदासाठी करणार असाल तर जरूर करा, आणि पहिल्यांदा कुणा जाणत्याला शेजारी उभं करा. फक्त बचतीसाठी करणार असाल तर आकडे तुमच्या बाजूने नाहीत.

आणखी एक गोष्ट तुमच्या वापरावरून सांगतो. सात-आठ किलोमीटर जाऊन गाडी बंद, परत संध्याकाळी तेवढंच. अशा वापरात ऑइल पुरेसं तापत नाही, त्यात पाण्याचा अंश आणि पेट्रोल राहतं. म्हणून वर्षात सहा हजारच झाले तरी वर्ष भरलं की ऑइल बदला. बऱ्याच मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळा, जवळच्या अंतराचा तक्ता असतो, आणि शहरातली रेंगाळणारी वाहतूक, धूळ, छोटे पल्ले हे सगळं त्यात मोडतं. तो तक्ता तुमचा.

ब्रेक फ्लुइडबद्दल मात्र माझी भूमिका ठाम आहे, हे काम घरी नको. हा द्रव हवेतली ओल शोषून घेतो. डॉट 4 फ्लुइड नवीन असताना किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरली की प्रमाणानुसार हीच मर्यादा 155 पर्यंत उतरलेली चालते. चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट भरल्या गाडीने उतरताना ब्रेकवर सतत पाय राहिला तर कॅलिपरजवळ फ्लुइड उकळू शकतो, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. दर दोन वर्षांनी तो पूर्ण बदलून, हवा काढून घ्यायची. एबीएसच्या काही गाड्यांना त्यासाठी स्कॅनरही जोडावा लागतो. तुमच्या जुन्या बिलांत हे काम कधी झाल्याचं दिसत नसेल, तर या सर्व्हिसमध्ये बाकी काही राहिलं तरी चालेल, हे राहू देऊ नका.

डिझेलवाल्यांनी आणि कंपनी फिटेड सीएनजीवाल्यांनी हे उत्तर जसंच्या तसं घेऊ नये. बीएस 6 डिझेलच्या डीपीएफला (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला) कमी राखेचं ठरावीक ऑइल लागतं, आणि गॅसच्या नळ्या, रेग्युलेटर यांना घरी हात लावायचा नाही. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्टही (पाण्याच्या दाबाची चाचणी) चुकवू नका.

तुम्ही घर आणि डीलर हे दोनच पर्याय लिहिलेत. वॉरंटीनंतर तिसरा असतो: लिफ्ट, स्कॅनर आणि पक्कं बिल देणारं ओळखीचं गॅरेज. ते निवडताना मालकाला एक विचारा, माझा फिल्टर मी आणला तर बसवाल का? "हो, पण खात्रीच्या दुकानातून आणा, पाकीट माझ्यासमोर उघडा" असं म्हणणारा माणूस कामाचा. बाजारात नकली फिल्टर आणि नकली ऑइल भरपूर आहेत, त्यामुळे त्याची ती अट रास्त आहे.

तर तुमच्या गाडीचं मी असं करीन. दोन्ही फिल्टर या रविवारी घरी बदला, एस्टिमेटमधले 800 तिथेच कमी होतील आणि सुटे भाग तेवढ्याच किंवा कमी पैशांत मिळतील. ऑइल, ब्रेक फ्लुइड, तपासणी आणि अलाइनमेंट या वेळी डीलरकडेच करा, कारण चॅसिस नंबरवर एखादा रिकॉल किंवा सॉफ्टवेअर अपडेट बाकी आहे का हे तिथे लगेच कळेल. स्पार्क प्लग तुमच्या तक्त्यात कितीला बदलायचे ते बघा, साधे निकेलचे असतील तर वेळ जवळ आलेली असू शकते. हे सगळं साडेसहा हजारांच्या आत बसायला हवं. पुढच्या वर्षापासून सर्व्हिसचा महिना ऑक्टोबर ठेवा, म्हणजे पावसाळ्यात खालून काय काय झालं ते लगेच दिसेल. आणि गणपतीच्या आठवडाभर आधी फक्त ब्रेक, टायर, वायपर आणि दिवे बघून घ्या. त्यातलं ब्रेक सोडून सगळं तुम्ही पार्किंगमध्ये तासाभरात करू शकता.